रायफलच्या काडतुसांची डाय : आसनगावच्या कारागिरापुढे आलेली एक ऑर्डर

काही महिन्यांपूर्वी आसनगावचे एक कारागीर बांधव आम्हाला भेटायला आले. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, एक जुने सरफेस ग्राइंडर आणि हाताखाली तीन मुले एवढा त्यांचा पसारा. आसनगाव, आटगाव, वाशिंद या पट्ट्यातल्या प्लास्टिकच्या आणि इलेक्ट्रिक मालाच्या कारखान्यांना, कधी मुरबाडच्या एमआयडीसीलाही, डाय आणि प्रेस टूल करून देणे हा त्यांचा धंदा. त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि आमच्या टेबलावर ठेवली. अंगठ्याएवढी जाड, तीन इंचांच्या आतबाहेर लांब अशी पोलादी नळी. बाहेरून आटे पाडलेले, आतून आरशासारखी घासलेली, आणि पोकळीचा आकार बाटलीसारखा, खाली रुंद व वर निमुळता.

"एका दलालाने आणून दिली. असे दोनशे नग हवे आहेत म्हणतो. अर्धी रक्कम विसार म्हणून रोख देतो. बिल नको म्हणाला," ते म्हणाले. "कामाची मजुरी चांगली आहे. पण हे कशाचे आहे ते मात्र सांगत नाही. तुम्ही बघा."

आम्ही पाहिले, आणि ज्यांना या कामातले कळते अशा दोघांना दाखवले. ती रायफलच्या काडतुसाची डाय होती. परदेशात नेमबाजीचे शौकीन एकदा उडवलेली पितळी पुंगळी घरी पुन्हा भरतात, त्यासाठी लागणारी. हे पान तिजारतीचे आहे, शस्त्रांचे नाही. तरीही या एका डायच्या निमित्ताने दोन गोष्टी आपल्या कारागीर वर्गाला सांगण्यासारख्या आहेत असे आम्हाला वाटले. पहिली, नेमकेपणाचे काम म्हणजे काय असते आणि गिऱ्हाईक अशी डाय निवडताना काय पाहते. दुसरी, अशी ऑर्डर घेतली तर कायद्याच्या दृष्टीने आपण कुठे उभे राहतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, पण पहिली समजल्याशिवाय ती नीट पटणार नाही.

पुंगळी का दाबावी लागते

काडतुसाचे चार भाग असतात. पितळी पुंगळी, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी म्हणजे प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. गोळी सुटते तेव्हा आतल्या प्रचंड दाबाने पितळ फुगून बंदुकीच्या चेंबरच्या भिंतीला चिकटते. दाब उतरला की पितळ थोडे मागे येते, म्हणूनच पुंगळी बाहेर काढता येते. पण ती मूळ मापावर येत नाही. अंगाने किंचित जाड, मानेशी सैल आणि खांद्याशी पुढे सरकलेली अशी ती बाहेर पडते. तिच्यात पुन्हा गोळी बसवायची तर मान घट्ट हवी आणि अंग चेंबरमध्ये सहज जाईल इतके हवे. हे दाबून मापावर आणण्याचे काम ही डाय करते. हाताच्या दांड्याने चालणाऱ्या छोट्या प्रेसमध्ये ती वरून आट्यांनी बसवतात आणि पुंगळी खालून वर दाबतात. त्याच झटक्यात डायमधली सुई जुनी टोपी खाली पाडते.

गंमत अशी की बाहेरचे आटे जवळजवळ सगळ्या कंपन्यांचे एकच आहेत. सात अष्टमांश इंच व्यास आणि इंचाला चौदा आटे. अमेरिकेत या धंद्यात आरसीबीएस, रेडिंग, हॉर्नाडी, ली, फॉर्स्टर, विल्सन अशी नावे आहेत. या आट्यांची डाय बहुधा कोणाच्याही प्रेसमध्ये बसते. यातल्या आरसीबीएसची कथा आपल्या कारागिरांना आवडेल. फ्रेड हंटिंग्टन नावाच्या माणसाने 1943 साली, महायुद्धात गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा, कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावी वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत त्या घडवण्याची डाय बनवायला सुरुवात केली. 'रॉक चक' हा तिकडचा खारीच्या जातीचा एक प्राणी, त्याच्या शिकारीला लागणाऱ्या गोळ्यांची ती डाय, म्हणून 'रॉक चक बुलेट स्वेज' आणि त्याची आद्याक्षरे म्हणजे कंपनीचे नाव. लाँड्रीमागच्या खोलीतून निघालेला माल पुढे जगभर गेला.

गिऱ्हाईक काय पाहते

आता निवडीकडे वळू. वरवर पाहता पुंगळी दाबणारी डाय ती डाय. पण नेमबाजाला शंभर, तीनशे मीटरवर एकाच भोकात गोळ्या घालायच्या असतात, आणि तिथे इंचाच्या हजाराव्या भागाचा, ज्याला आपण वर्कशॉपमध्ये थाऊ म्हणतो त्याचा, हिशेब सुरू होतो.

सगळ्यात साधी आणि स्वस्त ती पूर्ण अंग दाबणारी डाय. ती मान, खांदा आणि अंग असे सगळेच मापावर आणते. कारखाना ही डाय बनवताना असे धरतो की दाबलेली पुंगळी त्या मापाच्या कोणत्याही बंदुकीत गेली पाहिजे. म्हणून ती जरा जास्तच दाबते. शिकाऱ्याला हे चालते, कारण काडतूस अडकले नाही म्हणजे झाले. पण नेमबाजाची बंदूक एकच असते. दर वेळी पितळ जास्त दाबले, पुन्हा फुगले, पुन्हा दाबले, की बुडाच्या थोडे वर पितळ ताणून पातळ होते. तिथे बाहेरून एक चकचकीत कडे दिसू लागते आणि एक दिवस पुंगळी चेंबरमध्येच दोन तुकडे होते. म्हणून जाणकार माणूस डाय अशी बसवतो की खांदा फक्त एक ते दोन थाऊ मागे जावा.

दोन थाऊ म्हणजे किती याचा आपल्या भाषेत हिशेब करू. इंचाला चौदा आटे, म्हणजे डाय एक पूर्ण फेरा फिरवली की ती सुमारे एकाहत्तर थाऊ खाली जाते. दोन थाऊ हवे तर दहा अंश फिरवायचे. या डायचा बाहेरचा घेर पावणेतीन इंचांच्या आसपास असतो, तेव्हा दहा अंश म्हणजे घेरावर जेमतेम दोन मिलिमीटर. लॉक नट आवळताना हात हलला तरी एवढे निघून जाते. म्हणून चांगल्या डायचा लॉक नट कसा आहे हेही गिऱ्हाईक पाहते. बाजूच्या स्क्रूने आट्यात रुतणारा नट आटे खराब करतो. कापलेला, चिमट्यासारखा आवळणारा नट चांगला.

पूर्वी पुष्कळ नेमबाज फक्त मान दाबणारी डाय वापरीत. अंगाला हात न लावल्याने पुंगळी त्यांच्याच बंदुकीच्या चेंबरच्या आकाराची राहते, असे त्यांचे म्हणणे. चार-पाच वेळा भरल्यावर तीच पुंगळी बंदुकीत घट्ट जाऊ लागते आणि बोल्ट आवळून बंद करावा लागतो, तेव्हा नेमकेपणा उलट बिघडतो. हल्ली स्पर्धेतले बरेच लोक दर वेळी पूर्ण अंग, पण अगदी थोडे, दाबणेच पसंत करतात. आम्हाला हा बदल पटतो. आपल्या प्रेस टूलच्या धंद्यातही दर खेपेला तोच स्ट्रोक, तोच दाब दिला तरच माल एकसारखा निघतो.

खरा वाद मानेचा आहे. साध्या डायमध्ये मान आधी गरजेपेक्षा जास्त दाबली जाते आणि मग सुईच्या दांड्यावरचा गोळा आतून ओढत ती पुन्हा रुंद करतो. हा गोळा वर ओढताना मान एका बाजूला कलते. त्यावर तोड म्हणून बुशवाली डाय निघाली. तिच्यात मानेच्या जागी कडक पोलादाचे बदलते बुश बसते, एकेक थाऊच्या फरकाने मिळणारे. कोणते बुश घ्यायचे याचा हिशेब सोपा आहे. समजा गोळीचा व्यास 0.308 इंच आणि मानेच्या पितळाची जाडी साडेतेरा थाऊ. दोन बाजू मिळून सत्तावीस थाऊ, म्हणजे गोळी बसवल्यावर मान 0.335 इंच होईल. त्यातून पितळाच्या स्प्रिंगसाठी आणि पकडीसाठी दोन थाऊ वजा केले की बुश 0.333 चे. मात्र पितळाची जाडी एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त असेल तर बुश तो दोष आत ढकलते, बरा करीत नाही. तेव्हा आधी मान बाहेरून चरकावर फिरवून सारखी करावी लागते. ली कंपनीची एक वेगळी तऱ्हा आहे. तिच्यात मान कॉलेटने चारी बाजूंनी आवळून मधल्या दांड्यावर दाबतात. वंगणही लागत नाही, आणि आपल्या चकच्या कॉलेटची ज्याला सवय आहे त्याला ही रचना पाहताक्षणी कळेल.

गोळी बसवण्याची डाय वेगळी असते. तिच्यात पाहायचे ते एवढेच की गोळी तोंडाशी टेकण्यापूर्वी पुंगळीच्या अंगाला सरळ आधार मिळतो का. चांगल्या डायमध्ये आत सरकती बाही असते, ती आधी पुंगळी धरते, मग गोळी येते. वर मायक्रोमीटरचे डोके असले तर खोली वाचून ठेवता येते. आणि दाबणारी दांडी गोळीच्या टोकाला लागता कामा नये, टोकाखालच्या गोलाईला लागली पाहिजे, कारण टोके कधीच एकसारखी नसतात.

शेवटी सगळे तपासायचे कसे? भरलेले काडतूस व्ही-ब्लॉकवर ठेवून फिरवायचे आणि मानेवर डायल गेज लावायचा. काटा दोन-तीन थाऊच्या आत हलला तर डाय चांगली. पाच-सहा हलला तर महागडे नाव असले तरी उपयोग नाही. ही तपासणी करायला आपल्याकडच्या कोणत्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये सामान आहे. माप तोलात दगा देणाऱ्यांना कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये किती कडक ताकीद आहे ते आपण सगळे ऐकत आलो आहोत. आमच्या मते गेज न लावता "झाले, चालेल" म्हणून माल देणे हेही त्याच वळणाचे आहे.

करणाऱ्याच्या बाजूने

आमच्या आसनगावच्या बांधवांनी ती डाय हातात फिरवून जे सांगितले ते ऐकण्यासारखे होते. आतली पोकळी बोअरिंगने होणारी नाही, त्याच आकाराचा रीमर लागेल, आणि प्रत्येक मापाच्या काडतुसाला वेगळा रीमर. खर्च पोलादाचा नाही, रीमरचा आहे. कडक करताना पोलाद जागा सोडते, तेव्हा रीमर किंचित लहान हवा आणि कडक केल्यावर लॅपिंगने मापावर आणायचे. आत उभी रेघ राहिली तर ती प्रत्येक पुंगळीवर उमटेल. खांद्याजवळ एक बारीक आरपार भोक होते. ते कशाला, असे आम्ही विचारले. ते लगेच म्हणाले, "तेल बाहेर पडायला. नाहीतर तेल आत कोंडेल आणि पितळाला पोचे पडतील." हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. डीप ड्रॉईंगच्या कामात हाच पोचा त्यांनी पाहिलेला.

खास मागणीची डाय बनवणारे परदेशी कारागीर गिऱ्हाईकाकडून त्याच्या बंदुकीत उडवलेल्या दोन-तीन पुंगळ्या मागवून घेतात आणि त्यांच्या मापावरून डाय कापतात. आपल्याकडचा शिंपी मापाला जुना सदरा मागतो तसेच.

वंगणाचा विषय निघाला म्हणून एक आठवण. 1857 साली एन्फील्ड रायफलच्या कागदी काडतुसांना गायीची आणि डुकराची चरबी लावली आहे, ही बातमी पसरली आणि हिंदू व मुसलमान शिपाई एकत्र बिथरले, हे शाळेत प्रत्येकाने वाचले आहे. आज पितळी पुंगळी डायमध्ये घालताना जे वंगण लावतात त्यात पुष्कळदा लॅनोलिन असते, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारी चिकटी. असो.

आपल्या जिल्ह्यातले पितळ

काडतुसाचे पितळ आपल्याला परके नाही. आसनगावहून लोकलने कल्याणला उतरून कर्जतच्या लाईनने पुढे गेले की अंबरनाथ. तिथल्या आयुध निर्माणीत काडतुसांसाठी लागणारे पितळी कप बनत आले आहेत. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त अशा पत्र्याचा हा वाटीसारखा कप पुढे एकामागून एक डायमधून ओढून लांब करतात, प्रत्येक ओढीनंतर तापवून मऊ करतात, मग बूड ठोकतात, निमुळते करतात, मान काढतात. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा, आणि जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा 1964 चा. तिथे याच पितळाची काडतुसे होतात. 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यात खडकी आणि वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले आणि अंबरनाथची निर्माणी नागपूरच्या यंत्र इंडिया लिमिटेडकडे.

पितळेच्या कामात असलेल्या बांधवांसाठी इथेच आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती हिंदुस्थानातच उघडकीला आली. इंग्रजी अमदानीत फौजेची काडतुसे पावसाळ्यात साठवून ठेवली की मानेशी आपोआप चिरा पडत. बंदुकीला हातही न लावता. तबेल्यांच्या जवळ ठेवलेल्या मालाला जास्त. पावसाळ्यात होते म्हणून इंग्रजीत या दोषाला मोसमी तडा अशा अर्थाचेच नाव पडले. 1921 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी त्याचे कारण मांडले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि थंड स्थितीत दाबल्याने पितळात राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ फाटते. उपाय म्हणजे दाबकाम झाल्यावर माल हलका तापवून ताण काढून टाकणे. आपल्याकडे पितळी फिटिंग, कडी-कोयंडे, नळाचे भाग प्रेसवर काढून तसेच पेटीत भरणारे अनेक आहेत. शहापूर-मुरबाडकडे गोदामाला लागून गोठा असणे ही नवलाची गोष्ट नाही. माल चिरतो आणि व्यापारी पत्र्याला दोष देतो. अमोनिया असलेल्या पॉलिशनेही हेच होते, म्हणून काडतुसे भरणारे लोक पुंगळ्या तसल्या पॉलिशने पुसत नाहीत.

पण आपले नेमबाज हे वापरतात का?

हा प्रश्न आम्हीही विचारला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. दलालाने या बांधवांना हेच सांगितले होते, की माल नेमबाजांसाठी आहे. पण पन्नास मीटरची ही रायफल पॉइंट टू टू ची. तिच्या काडतुसात टोपी वेगळी नसते, ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. ती पुंगळी एकदा उडाली की संपली, पुन्हा भरता येत नाही. हे नेमबाज काडतुसे भरीत नाहीत. निरनिराळ्या बॅचची काडतुसे आपल्या रायफलमधून उडवून पाहतात आणि जी जुळते ती बॅच घेतात. दहा मीटरच्या एअर रायफलला तर दारूच लागत नाही. टेबलावर पडलेली डाय मोठ्या रायफलच्या काडतुसाची होती. दलालाचे म्हणणे तिथेच कोसळले.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसे भरायला परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. आपल्याकडे तसे नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्रे किंवा दारूगोळा बनवणे, विकणे, दुरुस्त करणे, विक्रीसाठी ठेवणे मना आहे. इथवर सगळ्यांना माहीत असते. माहीत नसते ते असे की याच कायद्याच्या कलम 2 मध्ये 'दारूगोळा' या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात फक्त काडतूस येत नाही. काडतुसाचे भाग येतात आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे जिच्यात दारूचा कणही नाही अशी नुसती पोलादी डायही त्या शब्दाखाली धरली जाऊ शकते. कारागीर म्हणेल, मी फक्त लोखंड कापले. कायद्यात हे उत्तर पुरेसे होईल असे धरून चालू नये.

शिक्षाही पूर्वीसारखी राहिलेली नाही. कलम 25 खाली विनापरवाना बनवणे-विकणे यासाठी आधी किमान तीन आणि कमाल सात वर्षे होती. 2019 च्या दुरुस्तीने ती किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप झाली, दंड वेगळा. दोनशे नगांच्या मजुरीसमोर हा आकडा ठेवून पाहावा.

माल परदेशी जाणार आहे, असेही काही दलाल सांगतात. तेव्हा दुसरा कायदा लागतो. परदेश व्यापार महासंचालनालयाची स्कोमेट नावाची यादी आहे. तिच्या सहाव्या वर्गात लष्करी माल येतो आणि तो बनवण्याची खास सामग्रीही येते. डिसेंबर 2017 मध्ये भारत वासेनार करारात सामील झाल्यापासून या यादीकडे जास्त बारकाईने पाहिले जाते. या वर्गातला माल असेल तर निर्यातीची परवानगी आधी घ्यावी लागते. बिल नको म्हणणारा माणूस ती परवानगी काढून देईल, असे कोणाला वाटत असेल तर वाटो.

हत्यारांच्या कामात आपल्या लोकांचे हात पिढ्यानपिढ्या आहेत. नवाब मीर कासिमने आपली राजधानी मुंगेरला नेली आणि तिथे बंदुकांचे काम सुरू केले, तेव्हापासूनची तिथली कारागिरी नावाजलेली आहे. आज त्याच मुंगेरचे नाव वर्तमानपत्रात बहुधा कशासाठी येते तेही वाचकांना ठाऊक आहे. परवान्याचे कारखाने मूठभर, आणि त्याच हुनरीचे बाकीचे हात चोरून काम करतात आणि कोर्टाच्या तारखा मोजतात. दलाल मोकळा सुटतो, लेथवरचा माणूस सापडतो. आणि तो आपल्यापैकी असला तर नुसत्या चौकशीनेही घरावर काय येते ते आम्ही इथे लिहीत बसत नाही.

ओळखायचे कसे

ड्रॉइंगवर काडतुसाचे नाव कोणी लिहीत नाही. मग काय पाहावे? आतला आकार बाटलीसारखा, म्हणजे अंग, तिरका खांदा आणि सरळ मान. बाहेर सात अष्टमांशचे चौदा आटे. वरून सुई किंवा दांडी बसायची सोय. मापात 0.308, 0.224, 0.264, 7.62 असे आकडे. यातली दोन लक्षणे एकत्र दिसली की हात थांबवावा आणि विचारावे. कोणत्या यंत्रात बसते, कोणत्या कंपनीला जाते, त्यांचा लेखी ऑर्डर क्रमांक काय, जीएसटी नंबर काय. खऱ्या कंपनीचा माणूस या प्रश्नांनी रागावत नाही.

परवाना असलेल्या किंवा सरकारी कंपनीचे काम कायदेशीर मार्गाने मिळू शकते, हेही सांगायला हवे. वर सांगितलेल्या सरकारी कंपन्या टेंडर काढतात आणि त्यात फक्त दारूगोळाच नसतो. जिग, फिक्स्चर, गेज, प्रेसचे सुटे भाग अशी साधी इंजिनिअरिंगची कामे असतात. छोट्या कारखान्याने आधी उद्यम नोंदणी करावी, मग सरकारच्या जेम पोर्टलवर नाव घालावे. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी पंचवीस टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावा असा नियम आहे. पूर्वी तो वीस टक्के होता, 2018 मध्ये वाढला. पैसे पंचेचाळीस दिवसांत मिळाले पाहिजेत हे 2006 च्या कायद्यात आहे. प्रत्यक्षात मिळतात का, हा वेगळा लेख होईल. आपल्याकडचे बहुतेक वर्कशॉपवाले नोंदणीच्या कागदांना कंटाळतात आणि मग रोख विसार देणारा दलाल जवळचा वाटतो. खरी अडचण इथे आहे, हुनरीत नाही.

आमच्या बांधवांनी शेवटी काय केले? आम्ही त्यांना एवढेच सांगितले की ही डाय वर्कशॉपमध्ये एक रात्रही ठेवू नका, पण नाल्यातही फेकू नका, आणि दलालाला गुपचूप परतही करू नका, कारण नुसते बाळगण्याचाही प्रश्न निघू शकतो. आधी वकिलाकडे जा. ते त्याच दिवशी कल्याणला वकिलाकडे गेले. वकिलाने सगळी हकिकत तारीखवार लिहून घेतली, वस्तूचे फोटो काढले आणि स्वतः सोबत जाऊन अर्ज देऊन ती पोलीस ठाण्यात जमा केली. पोचपावतीची प्रत त्यांनी आम्हाला आणून दाखवली. दलालाचा फोन पुढे लागेनासा झाला. विसार त्यांनी घेतलाच नव्हता, म्हणून तो परत करण्याचा प्रश्न आला नाही.

त्या महिन्यात काम कमी होते आणि तीन मुलांचा पगार काढताना त्यांची ओढाताण झाली, ती त्यांनी लपवली नाही. नंतर एका पॅनेल बनवणाऱ्या कारखान्याकडून तांब्याचे लग दाबायच्या डायचे काम आले, मजुरी त्या ऑर्डरच्या निम्मीही नाही. पहिल्या नगात दाबलेला लग एका बाजूला तीन थाऊ जाड निघत होता. पूर्वी आम्ही तो तसाच दिला असता, असे ते म्हणाले. या वेळी व्ही-ब्लॉक आणि डायल गेज घेऊन त्यांनी धाकट्या मुलाला बसवले आणि डाय पुन्हा लॅप केली.